पेव, पातळी दोन

भरतेश, तुझा तक्ता पाहिला.
'धान्यकोठार, पातळी दोन: दोनशे संशोधन-गुण.
नासाडी तीस टक्क्यांनी कमी, साऱ्या राज्यात.'
विश्रामबागेतल्या त्या खोलीत, कूलरच्या वाऱ्यात
हे बरोबरच वाटत असणार.
माऊस टिकटिकला, पट्टी भरली, शोध लागला,
आणि पहाटेपर्यंत घाटमाथ्यापासून समुद्रापर्यंत
एकूणएक पाटलाला तो यायला लागला.

मी आज हरिपूरला गेले होते,
तातोबा मगदुमांना विचारायला
की एक पेव खणायला किती दिवस लागायचे.
आकडा हवा होता ना तुला.
म्हातारा म्हणाला, "कुठल्या जमिनीत?"

मग उठून त्यांनी माती चुरली, हुंगली.
"ही धरते. रस्त्यापलीकडची धरत न्हाई."
पलीकडची म्हणजे, भरतेश, चाळीस पावलं.
तुझ्या नकाशातला एक षटकोन
केवढा असतो रे?

मग कंदिलाचं सांगितलं.
तोंडावरची फरशी काढायची आणि बसायचं.
तंबाखू मळायची,
कुणाच्या तरी सोयरिकीचं बोलायचं.
पेवाला श्वास घेऊ द्यायचा.
मग दोरीनं कंदील आत सोडायचा.
ज्योत टिकली तर माणूस उतरणार,
विझली तर आणखी एकदा तंबाखू.

"हे कुणी शोधलं?"
"शोधलं कुणी न्हाई. सिदबा आत गेला, वर आला न्हाई."
"त्याच्या आधी दिवा नव्हता का?"
"व्हता की. देवळात व्हता."

तर किंमत मांडायची असेल
तर दोनशे गुण लिहू नकोस.
एक माणूस लिही. नाव असलेला.
खेळणाऱ्याला ते कळलं नाही तरी चालेल,
गावाला माहीत असू दे.

ते झाडच काढून टाकू आपण,
फांदीला फांदी फुटत वर जाणारं.
शोध माणसांत ठेवू:
चौघांना येतं, त्यातले दोघे भाऊबंद,
एकमेकांशी बोलत नाहीत.
तहात सोन्याऐवजी एक लोहार मागता यावा.
राजकन्येबरोबर आंदण म्हणून
विहीर बांधणारा गवंडी जावा,
आणि तिकडचा खडक बघून
डोकं धरून बसावा.
राजाला तर बरीच वर्षं काही कळूच नये.
दरबारात एवढंच यावं
की अमक्या परगण्याचा माल यंदा किडला नाही.
का, ते कारकुनाला ठाऊक नाही.
त्यानं देवीचं नाव लिहून टाकलेलं असावं.

आणि उलटंही चालावं.
पुराच्या साली पाणी पेवांत उतरलं.
आत हळद होती.
तातोबा म्हणतात, कितीतरी दिवस
गावाला हळद शिजल्याचा वास यायचा,
चूल कुठंच पेटलेली नसताना.
मग कोल्ड स्टोरेज झाली, ट्रक तिकडं वळले.
तातोबांना अजून सगळं येतं.
विचारायला कुणी येत नाही.
हे कोडमध्ये कसं लिहायचं
मला अजून जमलेलं नाही.
शून्य लिहिलं तर म्हातारा खोटा पडतो,
एक लिहिलं तर पेव.

तू म्हणशील, खेळणारा कंटाळेल.
कंटाळू दे की थोडा.
फरशी काढून बसू दे तोंडाशी.

निघताना त्यांनी आकडा दिलाच.
"अकरा दिवस. दोघं असतील तर.
आणि दुसरा गप बसणारा असंल तर."

कोष्टकात अकरा भरलेत.
शेजारचा रकाना रिकामा ठेवलाय.