पहिल्या ओळीचा पत्ता

उद्यमनगरात, मगदूमांच्या लेथवर माझी खोली.
खाली बिडाचा कीस उडतो, वर मी पॅकेजं बांधते.
दोघांच्याही नखांत काळं, असं मी म्हणते.
भूपालसो हसतात. त्यांच्या नखांत खरंच असतं.

काल पहाटे सव्वापाचला फोन.
गारगोटीच्या पलीकडून, दूध संस्थेचे सेक्रेटरी:
"ताई, रात्री लावायला घेतलंय तुमचं नवं,
अजून उतरतंयच.
भाईर किटल्या घिऊन माणसं थांबल्यात.
आणि हे पर्ल कोण? आमच्यात तसलं कुणी न्हाई."

पर्ल कोण.
मी उठून दिवा लावला.

काट्यावरचा आकडा वाचायचा, पावती छापायची,
एवढंच काम. दीड एमबीचा जीव.
आणि त्याच्या मागं हे वऱ्हाड:
पर्ल, पर्लची एकोणसाठ भावंडं,
पडद्यावर खिडक्या रंगवणारी लायब्ररी,
कोरियन अक्षरांचे फॉन्ट.
पावतीवर फक्त लिटर आणि फॅट.

शोधत गेले. नमुन्यांच्या फोल्डरात एक फाईल,
कुणी कधी न चालवलेली,
तरी चालण्याची परवानगी मिरवणारी.
पहिल्याच ओळीत जाळीची खूण, उद्गारचिन्ह,
पुढं पर्लच्या घरचा पत्ता.
पॅकेज बांधणारं यंत्र भाबडं,
पत्ता दिसला की माणूसच बोलावून आणतं.
परवानगी काढून घेतली.
आता ती कॅलेंडरवरच्या बैलासारखी,
दिसते बैल, वैरण मागत नाही.
साठच्या साठ जण पंगतीतून उठून गेले.

दुसरी फाईल म्हणत होती,
पायथन कुठं राहतो ते चौकात विचारा.
आमच्या गल्लीत हे चालतं.
पानपट्टीवर विचारलं की पोचवतात,
कधी या मगदूमांकडं, कधी त्या.
पण पहाटे सव्वापाचला पानपट्टी बंद असते.
मी घर नंबर घातला.

तिसरीची पहिली ओळ वाचली आणि बोट थांबलं.
होम, तिरपी रेघ, जयवंत, तिरपी रेघ.
जयवंत इंगवले, समोरच्या खुर्चीवर बसायचा.
हा पत्ता त्याच्या लॅपटॉपातल्या एका कप्प्याचा,
आणि तो लॅपटॉप त्यानं पुण्याला जाताना
राजारामपुरीत सात हजाराला विकला.
दोन वर्षं भांडलो आम्ही यावरनंच.
मी म्हणायचे, नको ते काढ.
तो म्हणायचा, असू दे की, खायला मागतंय होय?

फाईल तपासली. तिला कुणी थेट हाक मारतच नाही,
दुसऱ्याच फायली तिला पोटात घेतात.
पत्त्याची गरजच नव्हती, ना त्याच्या, ना माझ्या.
ओळ पुसली. चालली.
नोंदीत लिहिलं: पहिली ओळ काढली, अनावश्यक.
कुणाची, ते लिहिलं नाही.

सहा वीसला फोटो आला, पावतीचा.
अक्काताई देसाई, म्हैस, चार लिटर दोनशे, फॅट सहा आठ.
किंचित तिरकी छापलेली. ते उद्या बघू.

खाली उतरले तर भूपालसो
पंपाच्या खोक्यात वायसर टाकत होते, वरून दोन जास्तीचे.
"मोजून घातलेत की तुम्ही."
"असू देत," म्हणाले, "लांब जायचंय त्याला."

मी खिळे पुढं केले.