पोटरी

विंचची कप्पी निखळली तेव्हा मी खाली इंजिनापाशी होतो.
इंजिनापाशी दुसरा कसलाच आवाज पोचत नाही.
वर आलो तर नियाज जाळ्यावर आडवा,
कानातून बारीक धार,
आणि बांगडे अजून उड्या मारत होते
त्याच्या भोवती.

मिरकरवाडा गाठायला तीन तास लागले.
ते तीन तास मी कुणाला सांगत नाही.

आता उद्यमनगर, दुसरा मजला, पाच नंबरचा बेड.
त्याच्या डोक्यात रक्त साकळलंय,
आणि पायात साकळू नये
म्हणून मी इथे बसलोय.

सिस्टर गुरवांनी समजावलं, मला दोनदा विचारावं लागलं:
रक्त पातळ करायचं इंजेक्शन असतं,
पण आत्ता दिलं तर डोक्यातली जखम पुन्हा वाहू लागेल.
नाही दिलं तर निजून निजून पोटरीत गुठळी धरेल,
सुटेल, वर चढेल, छातीत अडकेल.
म्हणजे वर थांबायला हवं, खाली थांबता कामा नये.
एकाच अंगाला दोन हुकूम.
आमच्या खाडीच्या तोंडासारखं,
गाळ उपसावा तर काठ ढासळतो,
न उपसावा तर लाँच रुतते.

म्हणून पोटऱ्यांना हे पट्टे.
फुगतात. आवळतात. सोडतात.
मग जरा गप्प.
पुन्हा फुस्स.

थांबलेल्या पाण्याचं मला विचारा.
बंदीचे दोन महिने लाँच वर ओढलेली,
ऑगस्टात कूलिंगच्या नळीत बोट घातलं
तर मीठ आणि गंज, थरावर थर.
वाहतं पाणी नळी धुतं,
थांबलेलं पाणी भिंत बांधतं.
सव्वीस वर्षांचा पोरगा, जाळं एकटा ओढणारा,
पण पोटरीला ते काय माहीत,
तिला एवढंच कळतं की मालक उठत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली, जैनबबी,
चहाच्या बाटलीत खोबरेल घेऊन.
"पोराचे पाय लाकडावानी झाले, जरा चोळते."
तळव्यावर तेल घेतलंसुद्धा.
सिस्टरांनी मनगट धरलं, हळूच, पण धरलं.
चोळायचं नाही मावशी, आत गुठळी असली
तर तुमच्याच हाताने सुटेल.
आई हाताकडे बघत राहिली.
तेल परत बाटलीत जात नाही.
मग तिने ते स्वतःच्या गुडघ्यांना लावलं,
सावकाश, त्याच्याकडे बघत.

तिसऱ्या पहाटे स्पंजिंगला पट्टे काढले
आणि घालायचे राहिले.
माझा डोळा लागला होता.
मशीन पलंगाच्या कठड्यावर लोंबत
रिकाम्या हवेला आवळत होतं.
जाग आली ती त्याने,
कोरडा चाललेला पंप झोपेतही कळतो.
किती वेळ? वीस मिनिटं? तास?
सिस्टर धावत आल्या, बोलल्या नाहीत,
पट्टे बांधले, आत दोन बोटं सरकवून पाहिली,
आणि कागदावर वेळ लिहिली.
स्वतःची चूक, स्वतःच्या अक्षरात.
आमच्या मालकाच्या वहीत असं पान नाही.

चौथ्या दिवशी पुन्हा स्कॅन.
कोल्हापूरचे डॉक्टर फिल्म खिडकीला धरून
बराच वेळ उभे.
मागे नारळीच्या झावळ्या, त्यावर नियाजचा मेंदू.
डाग तेवढाच आहे, म्हणाले. आता सुरू करू.
पोटाची चिमूट धरली, एवढीशी सुई.
मी विचारलं, शुद्धीवर कधी येईल?
ते म्हणाले, हे त्यासाठी नाही.
हे, तो येईल तेव्हा
श्वास जागेवर असावा म्हणून.

जैनबबीने हे ऐकून मान हलवली,
जणू बाजारात भाव पटला,
पण पैसे अजून द्यायचेत.

रात्रीचे अडीच.
बंदरावरून लाँची सुटायची वेळ,
दूरवर एक इंजिन खोकून चालू झालं,
आवाजावरून वाटतं, इंजेक्टर साफ करायला हवा.
पट्टे चालूच आहेत.
फुस्स. गप्प. फुस्स.
स्टुलाखाली माझाही घोटा हलतोय,
वर, खाली,
कधीपासून, लक्षात नाही.