आपलं, त्यांचं

तोर्नियोत, नदीकाठच्या खोलीत
आउने केर्तुला एक ओळ दुरुस्त करतेय:
रीबेस करताना 'आपलं' म्हणजे त्यांचं,
आणि 'त्यांचं' म्हणजे तुमचंच काम.

खोडते. हे कुणाला कळणार?

पूल ओलांडला की स्वीडन,
घड्याळ तासभर मागे.
आई त्या काठाची. इथे नांदायला आली,
आणि 'आमच्याकडे' म्हणताना
हात कुठल्या काठाकडे करायचा
ते तिचं शेवटपर्यंत ठरलं नाही.

आउने पुन्हा लिहिते:
आधी तुम्ही पलीकडे जाऊन उभे राहता.
मग तुमचेच बदल, एकेक करून,
पाहुण्यासारखे तुमच्यापुढे येतात.
त्या वेळी पायाखाली जे असतं
ते 'आपलं'.

शेरा येतो: उदाहरण द्या.

ती खिडकीतून पुलाकडे बघते,
आणि दोन फाइलींची नावं टाइप करते.