उतरतं पाणी

दसरा झाला की येलदरीचं पाणी
रोज वीतभर मागं सरतं
आणि जाताना काहीच झाकत नाही :
बेशरमाच्या बुंध्यांवर चिखलाचे मोजे,
एका चपलेचा अंगठा,
गाळात बगळ्याची पावलं.
बगळा गेलाय पाण्याकडं,
पावलांचे बाण मात्र गावाकडं दाखवतात.

मुंजाजी भोई त्या बाणांवरून चालत येतो.
हातात वेळूची काठी, खांद्यावर गोणपाट,
डब्यात तीन बेडक्या, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं.
"मरळीला कॅलेंडर कुठलं," तो म्हणतो,
"तिला पाणी सांगतं.
माझ्या गुडघ्याला बी तेच सांगतं, थोडं उशिरानं."

श्रावणात ती काठाला येते,
गवत तोडून परातीएवढी जागा मोकळी करते.
अंडी तिथंच तरंगतात.
मग पिलांचा लाल गुच्छ पाण्यावर उकळत राहतो
आणि त्याच्याखाली नर-मादी, दोघं जागे.
तेव्हा गळ टाकायचा नाही.
टाकला तर ती घेते,
पण भुकेनं नाही, रागानं घेते.

"अन् रागात घेतलेला घास," मुंजाजी तंबाखू मळत म्हणाला,
"माणसाला तरी कुठं पचतो."

मी तंगुसाची गाठ पुन्हा एकदा तपासली.
ती आधीच पक्की होती.

भादव्यात पिलं काळी पडतात, पांगतात,
कुणी कुणाला ओळखत नाही.
आश्विनात गढूळ खाली बसतं,
आणि ती एकटी, रोडावलेली,
बुडालेल्या बाभळींच्या फांद्यांत उभी राहते.
पहाटे पाणी गार, तेव्हा हलत नाही.
दहाच्या उन्हाला काठ कोमट झाला की येते,
बेडकाच्या उडीएवढ्या पाण्यात.
पुढं मार्गशीर्षात चिखलाला पोट लावील,
मग तुम्ही नाकासमोर सोनं नाचवा.
म्हणजे मधले हे वीस-पंचवीस दिवस.
तेवढेच.

आम्ही बसलो. गाळपेरीवर कुणी हरभरा टोकत होतं,
त्यांचा रेडिओ वाऱ्यासोबत येत-जात होता.
मोरपिसाच्या देठाचा तरंगा उभा.
एकदा फांद्यांमध्ये बुडबुडा फुटला.
श्वास घ्यायला वर आली होती.
मुंजाजीनं नुसती भुवई उचलली.
मग तासभर काही नाही.
मग तरंगा आडवा झाला, चालू लागला,
घाई नसलेल्या माणसासारखा,
आणि गेला.

सव्वा किलो तरी असेल.
गाळावर आपटत राहिली, आमच्या दोघांच्या अंगावर चिखल.
मुंजाजीनं गुडघ्याखाली दाबली, जबडा उघडला
आणि थांबला.

आत एक गळ आधीचाच होता.
गंजलेला, मांस त्याच्याभोवती वाढून आलेलं,
बोटभर तुटकं तंगूस,
आणि त्याच्या देठाला लाल दोरा गुंडाळलेला.

माझी आई शिवणकाम करते.
माझे सगळे गळ मी तिच्या रिळाच्या दोऱ्यानं बांधतो.
लाल मला लांबून दिसतो म्हणून.

पक्कड काढली त्यानं. दोन्ही गळ सोडवले,
आधी आजचा, मग तो.
गंजलेला शर्टाला पुसला, उन्हाकडं धरला.
"टोक हाय अजून," म्हणाला,
आणि माझ्या तळहातावर ठेवला.
श्रावणाचं नाव त्यानं काढलं नाही.
त्यानं काढलं असतं तर बरं झालं असतं.

मासा सोडला नाही, हेही सांगतो.
मुंजाजीच्या सुनेचं बाळंतपण आठवड्यावर,
मरळीचं कालवण अंगी लागतं म्हणतात,
आणि भोयाच्या घरात मासा सोडायचा असतो
तो श्रावणात, कार्तिकात नाही.

जिंतूरच्या रस्त्याला मोटारसायकल त्यानं चालवली.
मी मागं, मांडीवर ओलं गोणपाट.
मरळ पाण्याबाहेर लवकर मरत नाही.
दर थोड्या वेळानं गोणपाट एकदा फुगायचं,
एकदा बसायचं.
मी एका हातानं ते धरलं होतं.
दुसरी मूठ
घरी पोचेपर्यंत उघडली नाही.