बोरूबहाद्दर

जहराच्या तळ्यांवर बोरू माजलाय,
माणसाच्या दीडपट उंच,
वरून हिरवा, आत तीन वर्षांचं वाळकं,
काडीवर काडी, कुणी रचून ठेवल्यासारखं.
शहराचं सांडपाणी गाळून इथं सोडतात,
त्याच्यावर हे एवढं.

मला म्हणाले, आग लागली तर काय, ते लिहून द्या.
इंग्रजीत आणि अरबीत. चाळीस पानांत.
मे उजाडायच्या आत.

लिहितोय.
टँकर कुठून येणार: रिंगरोडनं.
किती वेळात: बावीस मिनिटं.
बावीस मिनिटांत बोरू किती जळतो?
गुलशेर टँकरवाला हसला, स्वातचा आहे तो.
"साहेब, मी चहाचा पेला खाली ठेवीस्तोवर
तुमचा कागदही पुरा, आणि तळंही."

माझा बाप नवेगावच्या जंगलात वनरक्षक.
फेब्रुवारीत तो स्वतःच आग लावायचा,
आधी पट्टा कापून, संध्याकाळी, वारा पडला की.
ओल्या फांद्यांचे झोडपे घेऊन सात माणसं उभी.
जाळरेषा.
पुढं मोहाखाली कुणी पाला पेटवलाच, फुलं वेचायला,
तर वणव्यानं इथवर यावं आणि उपाशी बसावं.
त्याच्या आराखड्याला कागद नव्हता.
भुवया मात्र दर पावसाळ्यात नव्या यायच्या.

इथं जाळायची परवानगी नाही.
कापायची आहे, ऑक्टोबर ते जानेवारी,
कारण मग वटवट्या घरटं विणायला घेतो,
तीन-चार बोरू एकत्र बांधून, पाण्याच्या वर.
दुऐज, इथला रेंजर, घरटी पेरांवर मोजतो
आणि माझ्या नकाशावर ठिपके देतो.
एकशे चौदा हिरवे.
पाणकोंबड्यांचे जांभळे, वेगळे.

वारा: शमाल, वायव्येचा.
धूर: आग्नेयेला, हमरस्त्यावर.
म्हणजे पहिला फोन रस्ता अडवणाऱ्या पोलिसाला.
छे. पहिला फोन टँकरला.
तीन दिवस या एका ओळीचा घोळ.

चौथ्या दिवशी रुहुल चहा घेऊन आला.
रात्रीचा पहारेकरी, बरिसालचा,
कुंपणाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या खोलीत राहतो,
नऊ वर्षं झाली.
नकाशावर वाकला, बोट फिरवलं,
एकशे चौदा ठिपक्यांवरून, टँकरच्या लाल रेघेवरून,
हमरस्त्यापर्यंत आणि परत.
"मेरा कमरा किधर है, साब?"

कोपरा नेमका आग्नेयेचा.
फाटकाला कुलूप, उंट आणि सहलवाले शिरू नयेत म्हणून.
किल्ली शहरातल्या कार्यालयात, एका खणात.
खणाची किल्ली
रजेवर गेलेल्या माणसाकडे.

नुसतंच लिहीत बसणाऱ्याला आमच्यात
बोरूबहाद्दर म्हणतात, मी दुऐजला सांगितलं.
बोरू म्हणजे हाच. टोक तासलं की लेखणी.
त्यानं एक तोडला, चाकूनं तासून दिला.
आमचे आजोबा यानंच होड्यांचा हिशेब लिहीत, म्हणाला.
शाई कुणाकडेच नव्हती.

वाऱ्याच्या पुढं पळू नकोस, रुहुल.
आडवा पळ, ईशान्येला, खाडीच्या चिखलात.
काल रात्री टॉर्च लावून आम्ही तिघं पळून पाहिलं.
साडेचार मिनिटं. एक चप्पल चिखलातच राहिली.
अनवाणी पळालो तर तीन.
दुऐजचा दम लागला, बसून घेतलं त्यानं,
आणि बोरूच्या आतून काहीतरी चिडून ओरडलं आमच्यावर.

फाटकाची दुसरी किल्ली बाजारात करवून आणली.
परवानगीला सहा आठवडे लागतील म्हणे,
म्हणून आराखड्यात ती नाही.
रुहुलच्या दाराआड खिळ्यावर आहे.

पान एक पुन्हा लिहितोय.
ओळ पहिली: पहारेकऱ्यानं चप्पल सोडावी.
दुऐज पेन चावत बसलाय,
हे सरकारी अरबीत कसं लिहायचं, विचारतोय.