भुसा

पुनाजी मेस्त, वय एकोणसत्तर, राहणार सर्जेकोट.
होड्या बांधण्याचा धंदा. आता बंद.
हाडांच्या मगजाचा कॅन्सर, दोन वर्षं.
उजवी मांडी मोडली ती पडून नव्हे:
वाकस उचलायला वाकले, आणि आवाज आला.
मुलगा म्हणतो, ओली फांदी मोडल्यासारखा.
म्हातारा म्हणतो, "खोटा. सुकी."

मी भूल देणारी.
कुडाळ, कणकवली, मालवण, डिकीत एकच बॅग.
नाव कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि ते बरंच.
एक्स-रे खिडकीला लावून बघते, बॉक्सचा दिवा गेलाय.
काचेत समुद्र आणि कवटी एकावर एक,
कवटीत भोकं, वहीला पाडतात तशी,
गोल, कडा स्वच्छ.
कण्याचा एक मणका बसलेला.

पाठीत सुई नको.
प्लेटलेट बेचाळीस हजार; पिशव्या गोव्याहून निघाल्यात,
पत्रादेवीच्या नाक्यावर आहे, असं ड्रायव्हर सांगतो.
तासाभरापूर्वीही तिथेच होता.
मूत्रपिंडं थकलेली,
दुखण्याचं नेहमीचं इंजेक्शन नको.
मान मागे करायची नाही.
आणि भूल चढताना ज्याने अंग क्षणभर थरथरतं
ते औषध मी ट्रेमधून काढून खिशात घातलं,
चुकून कोणाच्या हाती यायला नको:
त्या थरथरीनेसुद्धा बरगडी जाईल.

"बाये, पुरो निजवू नको माका."
"निजवावं लागेल, काका. आधी पाय बधिर करते."
"मगे इचारतंस कित्याक?"
मी विचारलं नव्हतं.

सोनोग्राफीच्या पडद्यावर रक्तवाहिनी, काळी, धडधडती,
शेजारी मज्जातंतू, मधाच्या पोळ्यासारखा.
सुईचं टोक त्याच्याजवळ. त्याच्यात नाही.
औषध पसरतं. वीस मिनिटं थांबायचं.
तेवढ्यात ते विचारतात, भरती कधीची?
ठाऊक नाही म्हटलं, तर बराच वेळ
माझ्याकडे बघत राहतात.
पिशव्या येतात. चढतात.

मग टेबलावर घ्यायचं. पाचजण, सहावी मी, मानेशी.
टाचांखाली कापूस, कोपरांखाली कापूस.
"होडयेक बारा माणसा लागतत. माका सा पुरे?"
"तीन म्हटल्यावर," मी म्हणते. "आणि हळू."
एक. दोन.
वॉर्डबॉय परशा, ज्याला कधी कोणी गप्प केलं नाही,
ओठ दाबून उभा.

निजले.
सळी घालण्याआधी हाड आतून कोरतात.
ड्रिलचा आवाज त्यांना ओळखीचा वाटला असता.
नव्याण्णव. शहाण्णव. एक्याण्णव.
अठ्ठ्याऐंशी.
"थांबा," मी म्हणते,
आणि डॉक्टर शिरसाट ड्रिल हवेत धरून थांबतात.
ऑक्सिजन पूर्ण. मी पडद्याकडे बघत नाही,
ओठांकडे बघते.
भूल म्हणजे चूकसुद्धा.
शिकायला होते तेव्हा ह्याचं हसू यायचं.
अठ्ठ्याऐंशी.
अठ्ठ्याऐंशी.
एकोणनव्वद.
एसीखालच्या बादलीत टप् टप्.
त्र्याण्णव.
"चला," मी म्हणते. "सावकाश."

चार वाजता डोळे उघडले.
दुखतंय का विचारलं; हाताने बाजूला सारलं ते.
"भितुरसून कोरलास मा? भुसो खंय टाकलास?"
"बाटलीत घातलाय, काका. तपासायला जाईल."
"तपासूक काय ऱ्हवला?"
मुलाने चमच्याने पाणी दिलं.
थोड्या वेळाने, डोळे मिटूनच:
"लाल होतो?"

कुडाळला सिझेरियन होतं. फोन दोनदा येऊन गेला.
हो म्हटलं,
आणि पायावरची चादर नीट केली,
नीटच होती ती.