फोक

बोरोले गुरुजी फोक आणायला मलाच धाडायचे.
न्हावीच्या शाळेमागं निंब, निंबापलीकडं केळी.
जाड फोक नुसती वाजते, बारीक झोंबते,
हे मला तिसरीत कळलं,
भागाकाराच्या आधी.

बाप म्हणायचा, मास तुमचं, हाडं आमची.
घरी रडत गेलो तर
उरलेलं मास तो घ्यायचा.

आता फैजपूरला नातवाच्या शाळेचा मेसेज येतो:
‘आपला पाल्य आज दिवसभर शांत होता.’
सून खूश. मुलगा जळगावातून अंगठा पाठवतो.

मी खाटेवरून उठतो.
दिवसभर शांत?
त्याच्या कपाळाला हात लावून बघतो, ताप नाही.
मग उगाच
त्याचा तळहात उघडतो, उजेडात धरतो.

काय शोधता, आबा?